कदंबचा (म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा) स्टुडंट पास काढताना मी काय काय चुकले

२३ जूनला कॉलेज सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की अकाउंट्सपेक्षा कठीण विषय म्हणजे बसचं भाडं. मी राहते धारगळजवळ, म्हणजे पेडणे तालुका, आणि कॉलेज पणजीत. सकाळी पावणेसातला घरातून निघायचं, हायवेवर येऊन जी येईल ती म्हापशाची बस पकडायची, म्हापशाला उतरून पणजीची, मग पणजी स्टँडवरून कॉलेजपर्यंत छत्री सांभाळत चालत. संध्याकाळी हेच उलटं. आई रोज सकाळी शंभराची नोट द्यायची आणि घरी येईपर्यंत त्यातली एक-दोन नाणी उरली तर उरली, ज्या दिवशी कँटीनमध्ये भाजीपाव खाल्ला त्या दिवशी तीही नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आईने विचारलंच, "पैसे खंय जातत गे इतके?"

त्यात रविवारी बांद्याहून मावसबहीण आलेली. ती सावंतवाडीला कॉलेजला जाते, एसटीने. महाराष्ट्रात एसटीच्या विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिला तिकिटाच्या एक तृतीयांशच भरावे लागतात, आणि बारावीपर्यंत तर अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींचा पास फुकटच होता. ती हे सगळं अशा आवाजात सांगत होती की जसं काही तिनेच योजना काढली. मी म्हटलं आमच्याकडे पण कदंबचा पास असतो. "मग काढला का नाहीस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर हे की मला वाटत होतं खूप कागद लागतील, आणि कुठल्याही ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहिलं की माझा आवाज आपोआप बारीक होतो.

सोमवारी, ७ जुलैला, कॉलेज सुटल्यावर पणजीच्या स्टँडवर पासाची खिडकी शोधली. म्हणजे शोधली असं म्हणते पण खरं तर दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी एका कंडक्टर काकांना विचारलं, ते बोटाने दाखवून पुढे गेले. खिडकीवर चार-पाच जणच होते. फॉर्म मिळाला. भरायचं फार काही नाही, नाव, पत्ता, कॉलेज, वर्ग, कुठून कुठे. खाली कॉलेजचा शिक्का आणि सही. सोबत बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, कॉलेज आयडीची झेरॉक्स आणि फोटो. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "खंयच्यान खंय?" मी सांगितलं पेडणे ते पणजी. तो म्हणाला, "म्हापशां बस बदलता मगो तूं?" मी हो म्हटलं आणि निघाले. त्याने हा प्रश्न का विचारला हे मला पुढे महिनाभराने कळलं, ते खाली सांगते.

८ जुलैला कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईडसाठी अर्ज दिला. पन्नास रुपये भरले, पावती घेतली, "तीन दिवसांनी ये." (कॉलेजचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला नको, आणि हे कुठल्याही कॉलेजात होऊ शकतं.) तोपर्यंत म्हापशाला स्टुडिओत फोटो काढून घेतले, आठ फोटो ऐंशी रुपये. पाऊस इतका होता की केस चिकटलेले, फोटोत मी कुठून तरी वाहून आल्यासारखी दिसते. तरी घेतले, कारण परत ऐंशी कोण देणार.

शुक्रवारी ११ तारखेला बोनाफाईड हातात आलं. मी खुश. तिथेच उभी राहून फॉर्म पण पुढे केला, क्लार्कने शिक्का मारला, म्हणाला प्रिन्सिपलची सही उद्या. उद्या शनिवार, माझं लेक्चर नव्हतं, पण सहीसाठी धारगळहून पणजी. सही झाली. घरी येऊन सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातलं, फाईल बॅगेत, बॅग खुर्चीवर. आता सोमवारी दिला की झालं.

आणि सोमवारी काय झालं, तर म्हापसा-पणजी वाटेवरची पर्वरी. ज्यांना रोज तिथून जायचं असतं त्यांना वेगळं सांगायला नको, फ्लायओव्हरचं काम सुरू झालं तेव्हापासून ती वाट म्हणजे लॉटरी. दोन लेक्चरं बुडवून मी सकाळीच पास काढणार होते, पण बस गिरीपासूनच रांगायला लागली. बाजूची बाई मासळीची टोपली पायाशी घेऊन झोपली आणि उठली तरी आम्ही त्याच पेट्रोल पंपासमोर. स्टँडवर पोचले, तर जेवणाची वेळ झालेली. खिडकी बंद. चूक माझीच, वेळ बोर्डावर लिहिलेली होती आणि मी ७ तारखेला तिचा फोटो पण काढून ठेवला होता. मोबाईलमध्ये फोटो असतो आणि आपण तो बघत नाही, हे माझ्या बाबतीत नेहमीचं आहे.

जेवणानंतर नंबर आला. त्याने कागद एकेक करून उलटले. मग थांबला. आधार कार्ड आणि कॉलेज आयडी शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हीवर एकेक बोट ठेवलं. आधारवर माझं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव. आयडीवर नुसतं नाव आणि आडनाव, आणि आडनावात एक ए जास्त. बोनाफाईडवर तिसरंच, आडनाव आधी. मी स्वतः हे तिन्ही कागद आठवडाभर हाताळत होते आणि मला एकदाही दिसलं नव्हतं. फॉर्मवर मी आयडीवरचं स्पेलिंग लिहिलेलं. वर, फॉर्मवरचा गोल शिक्का पावसात फुटलेला, जांभळी शाई पसरून नुसता एक डाग, कॉलेजचं नाव वाचता येत नव्हतं. शनिवारी छत्रीचं पाणी फाईलच्या वरच्या तोंडातून आत गेलं असणार. "बाय, हो शिक्को वाचपाक मेळना," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधं. नवीन फॉर्म दिला, आणि पेन्सिलने बारीक खुणा करून दिल्या की इथे आधारप्रमाणे नाव लिही, इथे शिक्का, इथे सही, आणि शिक्का फोटोवर अर्धा आला पाहिजे. माझ्यामागे रांग होती, तरी त्याने त्या खुणा केल्या. मला रडू येत होतं पण ते त्याच्यामुळे नाही.

१५ तारखेला कॉलेजात परत. बोनाफाईड बदलून हवं म्हटलं तर क्लार्क म्हणाला नवा अर्ज, नवे पन्नास. मी म्हटलं चूक तुमच्याकडून झाली ना टाईप करताना. म्हणाला तू अर्जावर जसं लिहिलंस तसं टाईप केलं. त्याने माझा अर्ज काढून दाखवला आणि खरंच, मी आडनाव आधी लिहिलेलं, शाळेत लिहायची सवय तशी. पन्नास गेले नाहीत, त्याने हाताने दुरुस्त करून बाजूला सही आणि शिक्का मारला, हे चालतं असं म्हणाला. (चाललं.) पण प्रिन्सिपल मीटिंगला बाहेर, दोन दिवसांनी येणार.

त्या संध्याकाळी घरी मी जरा जास्तच वैतागले. जेवताना सगळ्यांना शिक्क्याची गोष्ट सांगितली. आमचे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ, आता पासष्टीचे आहेत, ते कोपऱ्यात सोलकढी पीत ऐकत होते. म्हणाले, "आमी अर्ध्या तिकिटाखातीर रस्त्यार देंवल्ले, आनी तूं शिक्क्याखातीर रडता?" मला वाटलं नेहमीचं आमच्या काळी वगैरे. पण मग ते सांगायला लागले. १९७८-७९ मध्ये गोव्यात विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं होतं, मागणी एकच, बसभाड्यात पन्नास टक्के सवलत. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होत्या तेव्हा. गोव्यात तेव्हा सगळ्या खासगी बसेस, मालक सांगेल ते भाडं. काका म्हापशाला शिकत होते, मोर्चे निघाले, कॉलेजं बंद पडली, लाठ्या बसल्या, त्यांचा एक मित्र डोक्याला पट्टी बांधून परीक्षेला बसला. काकांच्या मते त्या आंदोलनातूनच पुढे १९८० मध्ये कदंब महामंडळ आलं. बाबा म्हणाले सगळं श्रेय काय तुम्हालाच का, त्यावर दोघांचं जुंपलं आणि माझा विषय संपला. पण रात्री झोपताना मला ते डोक्यात राहिलं, की हा जो कागद मी फाईलमध्ये घालून फिरतेय त्याच्यासाठी कुणीतरी कॉलेज बंद पाडलं होतं आणि मला शाळेत इतिहासात हे एका ओळीने सांगितलेलं आठवत नाही.

१७ जुलै, गुरुवार. प्रिन्सिपल मॅडम आल्या, सही झाली. या वेळी शिक्का मारल्यावर मी फॉर्म पंख्याखाली धरून उभी राहिले. क्लार्क हसला. टिशूपेपर मधे घालून, फाईल पिशवीत, पिशवी बॅगेत.

१८ जुलै, शुक्रवार. सकाळी लवकर गेले, जेवणाच्या वेळेच्या खूप आधी, खिडकीवर दोनच जण. कागद बघितले, नाव जुळलं, शिक्का वाचता आला, फोटो चिकटवला, पैसे घेतले, पास पुढे सरकवला. दहा मिनिटं. मी खिडकीतून बाजूला होऊन पास दोनदा वाचला, म्हणजे नाव बरोबर आहे ना, तारीख बरोबर आहे ना. (हे तुम्ही पण करा, खिडकी सोडायच्या आधी करा.) फोटोतली ती वाहून आलेली मुलगी माझ्याकडे बघत होती.

पासाची रक्कम इथे मुद्दाम लिहित नाही कारण ती कुठून कुठे यावर ठरते, माझा आकडा डिचोलीच्या किंवा काणकोणच्या मुलाच्या काही कामाचा नाही. माझ्यापुरतं सांगते, रोज जाणारी-येणारी असाल तर साधारण बारा-तेरा दिवसांच्या तिकिटांत पैसे वसूल. बाकीचा खर्च मी वहीच्या मागच्या पानावर लिहिला होता: फोटो ८०, बोनाफाईड ५०, झेरॉक्स १८, पासाला प्लास्टिक कव्हर १०, मिळून १५८. यात त्या शनिवारी आणि सोमवारी जे तिकिटाचे गेले ते धरले नाहीत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आता खरी चूक.

२१ जुलैला, सोमवारी, पास घेऊन हायवेवर उभी. बस आली, खासगी. हात दाखवला नाही. दुसरी आली, खासगी. तिसरी कदंब, भरलेली, पण थांबली, चढले, पास दाखवला, कंडक्टरने मान हलवली, मला इतकं भारी वाटलं की बसायला जागा नाही याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी म्हापशाला उतरले, पेडण्याच्या बाजूला जाणारी कदंब बघते तर मला हवी त्या वेळेची बस पुढे निघून गेलेली आणि पुढच्या बसला वेळ होता. समोर खासगी बसचा पोरगा दारात लटकून "पेडणें पेडणें पेडणें" ओरडत, शिट्टी तोंडात. पाऊस. सहा वाजत आलेले. मी चढले आणि तिकीट काढलं. पास खिशात, तिकीट हातात.

असं महिन्याभरात कितीदा झालं ते वहीत आहे. कॉलेजचे बावीस दिवस, त्यातले नऊ दिवस मी धारगळ ते म्हापसा या तुकड्यात किमान एकदा खासगी बसचे पैसे दिले. आणि म्हापसा ते पणजी? एकदाही नाही. कारण तिथे कदंबची शटल आहे, एक गेली की दुसरी लागते, मधे कुठे थांबत नाही, तिथे पास म्हणजे राजा. मग तो खिडकीतला माणूस मला काय विचारत होता ते डोक्यात उजाडलं. म्हापशाला बस बदलतेस ना? म्हणजे, बाई गं, पास फक्त म्हापसा-पणजी काढ, त्याच्या अलीकडच्या तुकड्याचं तिकीट काढ. त्याने बिचाऱ्याने सरळ सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरून निघून कॉलेजपर्यंत असा अख्खा पास काढला की जास्त फायदा, असं मी गृहीत धरलेलं.

म्हणून माझं ऐकाल तर फॉर्म आणायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा. रोज तुमच्या वेळेला तुमच्या स्टॉपवर कुठली बस येते, कदंब की खासगी, वहीत लिहा. गोव्यात बरेचसे रूट खासगी बसवालेच चालवतात, आणि त्यांच्यावर माझा राग नाही, साडेसातच्या काळोखात पावसात मला घरापर्यंत आणणारे तेच आहेत. फक्त त्यांच्या बसमध्ये कदंबचा पास दाखवून उपयोग नाही हे लक्षात ठेवून हिशोब करायचा. आणि पणजी शहरात ज्या इलेक्ट्रिक बसेस फिरतात त्यांचं टॅप करायचं कार्ड वेगळं, तो विषय वेगळा. मला पाऊस नसला की स्टँडवरून चालायलाच आवडतं, पाटोवरून मळ्याकडे जाताना वाटेत चहा पण मिळतो.

पहिला पास २० ऑगस्टला संपला. दुसऱ्या दिवशी नवा काढायला जाणार तेवढ्यात वर्गातली एक मुलगी म्हणाली, अगं २७ ला चवथ (गणेश चतुर्थी). मी थांबले. पास तारखेप्रमाणे चालतो, तुम्ही बसमध्ये बसा किंवा घरी गणपतीवरची माटोळी बांधत बसा, दिवस जातातच. २१ ते २६ मधले कॉलेजचे चार दिवस आणि पुढे सुट्टी. चार दिवसांचं तिकीट काढलं, चवथ झाली, नेवऱ्या खाऊन झाल्या, कॉलेज परत सुरू झालं त्या दिवशी, ८ सप्टेंबरला, नवा पास काढला. या वेळी म्हापसा ते पणजी. खिडकीवर तोच माणूस. मी म्हटलं, "म्हापसा-पणजी." त्याने जुना पास बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कळ्ळें मगो?"

रिन्यू करताना फार कागद मागितले नाहीत, जुना पास आणि आयडी. तरी मी आधारची एक झेरॉक्स आणि दोन फोटो पासाच्याच कव्हरमध्ये मागे ठेवते, आठातले अजून चार शिल्लक आहेत आणि तसाही तो फोटो दुसऱ्या कशाला लावावासा वाटत नाही. पास मोबाईलच्या कव्हरमागे ठेवू नका, एका मैत्रिणीचा तसा ठेवून तारखेवरची शाई कव्हरला चिकटून आली आणि प्रत्येक कंडक्टरला समजावून सांगत तिने उरलेले दिवस काढले. गर्दीत पास बॅगेच्या तळातून काढायला लागलात तर मागचे लोक शिव्या देतात, गळ्यात आयडीच्या दोरीलाच अडकवा.

आताचा खर्च बघितला तर सकाळी आई पन्नासाची नोट देते आणि तीत परत यायचं भागतं, कधीकधी भाजीपावसुद्धा. मावसबहिणीला अजून हे सगळं सांगितलेलं नाही, तिचं एक तृतीयांश ते एक तृतीयांशच.

माझा हा पास ७ ऑक्टोबरला संपतो आणि २० ला दिवाळी. म्हणजे मधे कॉलेजचे आठ-नऊ दिवस येतात, मग सुट्टी, मग परीक्षा, त्यात काही दिवस पेपर नाहीत. आठ दिवसांसाठी पास की तिकीट, याची बेरीज वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून झाली आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.